आप्पांची तयारी

घरात कुणी आजारी पडलं, की आई सगळ्यात आधी आप्पांना मळ्यात पाठवायची. काढा, डॉक्टर, सुई हे सगळं नंतर. "शेवंतीला पानी सोडा," "मोटार बघून या," असं काहीतरी काढून ती त्यांना दोन दिवस घरापासून लांब ठेवायची. कारण आप्पा आजाऱ्याच्या उशाशी बसले, की धीर द्यायला लागायचे. आणि त्यांनी धीर दिला, की धडधाकट माणसाच्याही पोटात गोळा यायचा.

आप्पा म्हणजे माझे वडील. वडगाव रासाईला भीमेच्या काठी आमचा मळा. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, वर्षातले आठ महिने पायाखाली जायचे. आप्पांनी मेंढरं विकली आणि फुलं लावली. उंच, हाडकुळा माणूस. डोक्यावरची टोपी झोपतानाच काय ती निघायची. ते कमी बोलायचे, पण जे बोलायचे ते समोरच्याच्या पुढ्यात धोंडा ठेवल्यासारखं. लोक म्हणायचे, ह्या माणसाला खोटं बोलायला शिकवलंच नाही कुणी. आम्हा तिघी बहिणींनाही तसंच वाटायचं.

त्यांची धीर द्यायची रीत अशी, की वाईटात वाईट काय होईल ते आधी सांगून टाकायचं. मग ते झालं तर काय करायचं, ते ठरवायचं. मग म्हणायचं, "व्हायचं ते व्हईल. आपली तयारी हाय." एवढं झालं, की समोरच्यानं निश्चिंत व्हावं अशी त्यांची अपेक्षा असे.

आजोबांना एकदा तापानं घेरलं. आठ दिवस अंथरुणातून उठले नाहीत. येणारा-जाणारा सांगत होता, काही होत नाही, उतरंल ताप. आईचा डोळा चुकवून आप्पा मळ्यातून आले आणि आजोबांच्या कानाशी बसून विचारलं, "आबा, जाळायचं कुठं? नदीला का मळ्यात?"

चुलत्यानं कपाळाला हात लावला. आजी पदरात तोंड घालून रडायला लागली. आजोबांनी मात्र डोळे उघडले. "मळ्यात? मळ्यात कुठं?"

"हिरीच्या अंगाला."

"येडा का खुळा तू? पावसात राख हिरीत जाईल. पेनार काय तुमी?"

मग बापलेकांचं चांगलं अर्धा तास वाजलं. दुसऱ्या दिवशी आजोबा काठी टेकत मळ्यात गेले आणि लिंबाखालची जागा दाखवून आले. त्यानंतर चार वर्षं जगले. आप्पांना मात्र ह्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "जागा ठरली, घोर मिटला," एवढंच ते म्हणाले.

माझ्या दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी मी जेवत नव्हते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "नापास झालीस तर शिरूरच्या शिवणवाल्या बाईला सांगून ठिवलंय. एक मशीन तुझ्यासाठी मोकळं ठिवलंय तिनं." मी रात्रभर रडले. सकाळी पास झाल्याचं कळलं, पेढे वाटले, आणि त्या मशीनची आठवण कुणालाच राहिली नाही. वर्षभरानं बाजारात ती बाई भेटली तेव्हा कळलं, माझ्यासाठी तिनं दुसऱ्या एका मुलीला परत पाठवलं होतं. आप्पांनी तिला निरोपच दिला नव्हता.

हे सगळं आम्ही पुढं हसत हसत सांगायचो. पण एक गोष्ट आमच्या घरात कुणी हसून सांगत नाही. ती मी तेरा वर्षांची असतानाची आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर आईच्या पोटात दुखायला लागलं. आधी घरगुती झालं, मग गावातल्या डॉक्टरचं झालं, मग दौंडच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. पोटाचा फोटो काढला तर त्यात मोठी गाठ. डॉक्टर म्हणाले, कसली आहे ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. अंगात रक्त कमी होतं, म्हणून ऑपरेशनच्या आठ दिवस आधीच दाखल करून घेतलं. आईजवळ मी आणि मावशी राहिलो. मावशी आईची धाकटी बहीण, दौंडमध्येच दिलेली. धाकट्या दोघी, एक आठ वर्षांची आणि एक तीन वर्षांची, गावी चुलतीकडे होत्या. आप्पा एक दिवसाआड यायचे. वडगावहून जीपनं केडगाव, तिथून रेल्वेनं दौंड.

आईला मरणाची भीती वाटत होती का, ते मला माहीत नाही. ती बोलायची ते एकच. पहिल्या दिवशी बोलली, दुसऱ्या दिवशी बोलली, आणि तिसऱ्या दिवशी आप्पा आल्यावर त्यांचा हात धरून बोलली, "माझ्या माघारी पोरींचं कसं व्हनार वो?"

आप्पा काही बोलले नाहीत. मला आश्चर्य वाटलं. एरवी त्यांचं उत्तर तयार असायचं. ते उठले, खिडकीपाशी गेले, रेल्वेच्या रुळांकडे बघत उभे राहिले आणि न सांगताच निघून गेले.

त्या दिवसापासून आईनं खाणं सोडलं. मावशी डबा आणायची, आई झाकण उघडून परत लावायची. दोन दिवस नुसत्या चहावर काढले. डॉक्टर ओरडले, नर्स ओरडली. आई भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला आप्पा आले. त्यांच्या मागं एक बाई होती.

पस्तिशीची असेल. सावळी, बांधेसूद, धुवट हिरवं लुगडं, हातात फडक्यात बांधलेला डबा. मला वाटलं, गावाकडची कुणी असेल, भेटायला आली असेल. आप्पांनी कॉटशेजारचं स्टूल तिच्याकडं सरकवलं. ती बसली नाही.

आप्पा आईला म्हणाले, "तू इचारलं व्हतंस ना, पोरींचं कसं? म्हनून हिला आनली. यमुनाबाई. केडगावची हाय. नवऱ्यानं टाकलीय, भावाकडं ऱ्हाती, फुलाच्या वाफ्यावर कामाला जाती. काम चोख हाय. तुला काय झालं तर मी हिच्यासंग लगीन करीन. तिच्या भावाशी बोलून ठिवलंय. आता तू निवांत ऱ्हा."

वॉर्डात आणखी पाच बायका होत्या. सलाईनची बाटली बदलणारी नर्स हातात बाटली धरून तशीच उभी राहिली. मला आठवतं, मी आप्पांच्या पायांकडं बघत होते. त्यांच्या वहाणांना मळ्यातला चिखल होता, वाळलेला. म्हणजे हा माणूस सकाळी फुलांना पाणी देऊन, वाटेत केडगावला उतरून, बायको जिवंत असताना दुसरी बायको घेऊन इथं आला होता.

मावशीचा आवाज सगळ्यात आधी फुटला. "लाज वाटती का? आरं, माझी भन अजून जित्ती हाय! मड्यावरचं लोनी खायला निघाला का तू?" आप्पांना कुणी अरेतुरे केलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मावशी त्या बाईकडं वळली. "आन् तू गं? तुला दुसरं घर मिळंना?"

यमुनाबाईनं मान खाली घातली. ती परत जायला वळली.

"थांब," आई म्हणाली.

आई उठून बसत होती. मी तिच्या पाठीशी हात लावला. तिनं मावशीला खुणेनं गप्प केलं आणि यमुनाबाईकडं बघत राहिली. गुरांच्या बाजारात बघतात तसं नाही, आणि सवतीकडं बघतात तसंही नाही. नवीन शेजारीण राहायला आल्यावर बघतात, तसं.

"पानी पिलीस का?"

यमुनाबाईनं मान हलवली. आईनं मला सांगितलं, "पानी दे तिला."

मी तांब्या दिला. ती पाणी प्यायली.

"तुला लेकरू?" आईनं विचारलं.

"व्हतं. सहा म्हयन्याचं गेलं."

"माझ्या पोरींना मारशील का?"

यमुनाबाईनं पहिल्यांदा वर बघितलं. "कुनाला मारलं न्हाई अजून. पुढचं कसं सांगू?"

आईनं तिच्या हातातल्या फडक्याकडं बघितलं. मग म्हणाली, "डब्यात काय हाय?"

"भाकरी हाय. वांग्याचं भरीत हाय."

"तू केलंस?"

"व्हय."

आईनं हात पुढं केला. पाच बायकांच्या, नर्सच्या, मावशीच्या आणि माझ्या देखत आईनं त्या बाईची दीड भाकरी खाल्ली. खाता खाता ती सांगत होती. धाकटीच्या डोक्यावरनं पाणी घातलं की तिचा कान फुटतो, म्हणून तेलाचा बोळा घालायचा. मधली एकटी झोपत नाही, तिला पदर धरायला द्यायचा. मग तिनं माझ्याकडं बोट केलं. "आन् ही थोरली. ही काय बोलायची न्हाई. पन मनात धरती. हिला रागं भरलीस तर नंतर जवळ घ्यायचं."

यमुनाबाई एकेका गोष्टीला "बरं" म्हणत होती. आप्पा खिडकीपाशी उभे होते, जणू कुणाचं तरी औषध लिहून घेणं चाललं आहे. मी, तेरा वर्षांची, तिथं बसून स्वतःला एका आईकडून दुसरीकडं सोपवलं जाताना बघत होते. आईच्या मरणाची भीती मला तोपर्यंत खरी वाटली नव्हती. त्या क्षणी वाटली. मी उठले आणि रिकामा तांब्या भरायला बाहेर गेले.

तीन दिवसांनी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आप्पांना आत बोलावून ट्रेमधली गाठ दाखवली. नारळाएवढी होती. आप्पांनी विचारलं, "हे पुरायचं का जाळायचं?" डॉक्टर म्हणाले, तपासायला पुण्याला पाठवायचंय. दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ साधी होती. आई वाचली.

ती घरी आली, हळूहळू चुलीपुढं बसायला लागली. एक दिवस भाकरी थापता थापता तिनं आप्पांना विचारलं, "यमुनेला काय सांगितलंत?"

"निरोप धाडला. फुलाच्या टेम्पोवाल्याकडं. गाठ साधी निघाली म्हनून."

"टेम्पोवाल्याकडं?"

"मग? काम ऱ्हायलं न्हाई आता."

आईचा थापता हात थांबला. त्यानंतर ती आप्पांशी बोलायची बंद झाली. मला आधी वाटलं, दवाखान्यातला राग आत्ता निघतोय. मावशीलाही तसंच वाटलं. पण तो राग त्यासाठी नव्हता. अंगात प्रवासाची ताकद आल्यावर एका रविवारी आईनं मला बरोबर घेतलं आणि आम्ही केडगावला गेलो.

यमुनाबाईच्या भावाचं घर स्टेशनच्या पलीकडं होतं. भावजय दारात धान्य पाखडत होती. आईनं यमुनाबाईचं नाव काढल्यावर ती आत बघून ओरडली, "ये नवरी, पाव्हनं आल्यात तुझं." म्हणजे सगळ्या आळीला माहीत झालं होतं, आणि हे नाव पडलं होतं. वाफ्यावरचं कामही गेलं होतं. आपण आता वडगावला जाणार, असं तिनं मालकाला सांगून टाकलं होतं. तिच्या जागी दुसरी बाई लागली होती.

यमुनाबाई बाहेर आली. आईनं तिच्यासाठी मळ्यातली फुलं आणि वांगी आणली होती. पिशवी तिच्या हातात देऊन आई म्हणाली, "चुकलं आमचं."

यमुनाबाई ओट्यावर आईच्या शेजारी बसली. खूप वेळ पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "बाई, मी वाट बघत व्हते. तुमी मराव्या म्हनून न्हाई. देवाशप्पत न्हाई. पन रोज वडगावचा टेम्पो आला की बाहेर येऊन बघत व्हते."

मला वाटलं, आई आता उठेल, तिला काहीतरी बोलेल. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "चल आमच्यात. मळ्यात काम हाय. ऱ्हायला खोली हाय."

"कोन म्हनून?" यमुनाबाईनं विचारलं.

आई उठली, तिनं पदर सारखा केला. ह्याचं उत्तर मला आजपर्यंत सुचलेलं नाही.

घरी आल्यावर आईनं आप्पांना जेवायला वाढलं आणि म्हणाली, "तिकडं जाऊन आले." आप्पा मान खाली घालून जेवले. हळूहळू बोलणं सुरू झालं. पण पुढं दर संक्रांतीला आई केडगावला जायची, तिला बांगड्या भरायची, तिळगूळ द्यायची, संध्याकाळच्या आत परत यायची. आप्पांनी एकदाही "कशी हाय?" म्हणून विचारलं नाही. मी त्यांच्यावर वर्षानुवर्षं धुमसत होते. आईनं सांगितलं होतं तेच खरं, मी मनात धरून होते.

माझं लग्न झालं. नवरा शिक्रापूरला कंपनीत, म्हणून आम्ही हायवेलगत खोली घेऊन राहायला लागलो. दिवसरात्र ट्रकचे हॉर्न. एकदा दुपारी आप्पा अचानक दारात उभे. न कळवता ते कधी येत नसत.

"यमुना गेली," ते म्हणाले. "कावीळ झाली व्हती. तुझी आई तिकडंच हाय."

मी त्यांना पाणी दिलं, ताट वाढलं. ते जेवेनात. नुसता भात चिवडत राहिले. तेव्हा इतकी वर्षं मनात धरलेलं मी विचारलं.

"आप्पा, आई गेली असती, तर तुम्ही खरंच तिच्याशी लग्न केलं असतं?"

"न्हाई."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. बाहेरून कंटेनर गेला होता. "काय म्हणालात?"

"न्हाई म्हनलो. कशाला करतोय मी लगीन?"

"मग तिला आणलं कशाला?"

आप्पांनी ताट सरकवलं. "तुझ्या आयनं इचारलं, पोरींचं कसं व्हनार. मला उत्तर येईना. सगळ्यांचं मला पार तळापोतर दिसतं. आबाचं दिसलं, तुझं दिसलं. तुझी आय गेल्यावर काय, ते मला दिसंना. कायबी दिसंना. मोकळं रान पन न्हाई, नुसता अंधार. ते तिला कसं सांगू? मरनाऱ्या मानसाला असं सांगत्यात का? मग मी खोटं बोललो."

"आणि यमुनाबाईला? तिला हे खोटं आहे म्हणून सांगितलं होतं?"

"तिला खरं सांगितलं असतं तर ती आली असती का?"

मी किंचाळलेच. शेजारची बिहारी बाई दारात येऊन बघून गेली. मी त्यांना काय काय बोलले, ते सगळं आठवत नाही. माझ्यासमोर दारातलं ते "नवरी" उभं होतं, आणि टेम्पोचा आवाज आला की बाहेर येणारी ती. जगात ज्या एका माणसाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं लोक सांगायचे, त्यानं जन्मात एकदा खोटं बोलायला ही बाई निवडली होती. कारण तिच्या बाजूनं जाब विचारायला कुणी नव्हतं.

आप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिचा इचारच केला न्हाई मी. मला माझी बायकू जेवायला पायजे व्हती." एवढं बोलून टोपी सारखी केली आणि एसटी धरायला निघून गेले.

दहाव्याला मी आईबरोबर गेले. नदीवर घाटाच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. आप्पाही आले होते, सगळ्यात मागं, एकटे. विधी चालू झाले. न्हाव्यानं हत्यारं मांडली आणि यमुनाबाईचे दोन पुतणे डोकं करायला त्याच्यापुढं बसले. पहिल्याचं झालं, दुसऱ्याचं झालं. न्हावी वस्तरा पुसायला लागला, तेव्हा आप्पा उठले. माणसांमधून वाट काढत पुढं आले, टोपी काढून खिशात घातली आणि न्हाव्यापुढं मांडी घालून बसले.

न्हावी गोंधळला. त्यानं यमुनाबाईच्या भावाकडं बघितलं.

"आप्पा, तुमी?" भाऊ म्हणाला. "तुमी कोन लागता तिचं?"

"तुझ्या भनीला मी फसवलं," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण घाटावरच्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. "लगीन करायचं माझ्या मनात कवाच नव्हतं. ती गेली तरी तिला ते कळलं न्हाई." मग न्हाव्याला म्हणाले, "कर."

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, म्हातारा भ्रमला. भाऊ दोन पावलं पुढं आला, त्याच्या मुठी वळल्या होत्या. मग तो तसाच थांबला, आणि त्यानं तोंड नदीकडं फिरवलं. न्हाव्यानं आप्पांच्या डोक्यावर पाणी मारलं आणि वस्तरा लावला. आप्पांचे पांढरे केस त्यांच्या खांद्यावर, मांडीवर पडत होते.

मी आईकडं बघितलं. मला वाटलं होतं ती हादरली असेल, निदान माझ्यासारखी तरी. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती.

"आई," मी म्हणाले, "तुला माहीत होतं?"

आईनं आप्पांवरची नजर काढली नाही.

"लई उशीर केला त्यांनी," ती म्हणाली.